दातांनी ऐकणारा

कॉम्प्रेसरशेजारी तीस वर्षं काढल्यावर ड्रिलरच्या कानांनी कधीच हात टेकले होते. पण जमिनीखालचं त्याला ऐकू यायचं, ते दातांनी.

वाळू आणि सुट्या गोट्यांच्या जमिनीत बोअर घ्यायचा, तर आधी लोखंडी पाइप, म्हणजे केसिंग, उतरवत न्यावं लागतं. नाहीतर भोक आतल्या आत ढासळतं. हे केसिंग कातळावरच बसायला हवं. गोट्यावर बसलं, तर गोटा फुटला की खालून वाळू धावत सुटते. म्हणून तो लांब पान्याचं एक टोक केसिंगला टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि केसिंगवर हातोडा मारायला लावायचा. गोटा थरथरतो, कातळ गप्प राहतो. एकदाही चुकला नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी उरलेसुरले दात काढून त्याने कवळी बसवली.

"भाऊजी, आता फोटो काढा, स्थळं येतील!" मशीन चालवणारा मेहुणा हसला होता.

बायकोने मात्र वाढता वाढता, त्याच्या तोंडासमोर येऊन, ओरडून विचारलं, "अहो, कवळीतून कळतं का खालचं?"

"कळतं की."

"माझ्याकडे बघून सांगा."

"जेवू देशील का?"

त्या सकाळी बेचाळीस फुटांवर केसिंग अडलं. त्याने पाना दातांत धरला. मेहुण्याने हातोडा मारला. कवळी तेवढी खुळखुळली. आणखी एकदा. पुन्हा तेच.

"काय म्हणतोय खाली?" मेहुण्याने हातवारे करून विचारलं.

त्याने अंगठा वर केला. कातळ.

केसिंगच्या आतून ड्रिलचा रॉड सुटला. एक रॉड आत गेला की सहा घमेली माल वर येतो, जास्त आला तर आजूबाजूची वाळू निसटतेय, हे त्यानेच मेहुण्याला शिकवलं होतं. सहा झाली. दहा झाली. रॉड अर्धासुद्धा गेला नव्हता आणि बारीक, ओली वाळू थांबायचं नाव घेईना. ड्रिलरने एक हात वर केला असता तर मशीन थांबलं असतं. पण मग सगळ्यांनी विचारलं असतं, का? पाना दुसऱ्याच्या हातात गेला असता आणि हा घरी, खिडकीपाशी.

"भाऊजी, माल फार येतोय!"

ओठ वाचता आले त्याला. त्याने मान वळवली. थांबेल आता. पंधरा. सोळा.

विसाव्या घमेल्याला मशीनला टेकू देणारा डावा जॅक जमिनीत गेला, एकदम, जणू खाली काही नव्हतंच. मशीन कललं. मेहुणा त्याच बाजूला उभा होता.

दवाखान्यात मेहुण्याच्या अंगावरची चादर एका बाजूला गुडघ्यापाशीच सपाट झाली होती. बायको भावाचा हात धरून बसली होती. मेहुणा काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?"

ती उठून नवऱ्याच्या तोंडासमोर आली. "विचारतोय, गोटा होता का कातळ?"

"तू सांग त्याला..."

"मी नाही सांगणार. मी विचारलं होतं तुम्हाला."

त्याने कवळी काढून मुठीत धरली.

"गोटा," तो म्हणाला. "मला काहीच कळलं नव्हतं. तरी अंगठा वर केला."

बोळक्या तोंडातून शब्द नुसते फसफसले. मेहुणा बहिणीकडे बघत राहिला.

"परत सांगा," ती म्हणाली. "त्याला समजलं नाही."

त्याने कवळी बसवली आणि परत सांगितलं.