सोनीबाईची फणी

मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर सोनीबाईच्या ओसरीत दुपारी बायकांची माळ लागायची. एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, प्रत्येकीचे हात पुढचीच्या केसांत. सगळ्यांच्या मागे सोनीबाई. नखावर नख वाजलं की म्हणायची, "गेली वो माय एक!" तांड्यातल्या दोन पिढ्यांची डोकी तिच्या हाताखालून गेली.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला जातो. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. सोनीबाईचा मुलगा किशन आणि सून गेले, नऊ वर्षांची उज्ज्वला आजीजवळ राहिली. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फणी होती, हातही होते, पण दिसत नव्हतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

मी तिथल्या शाळेत शिकवते. तोंडाची फटकळ आहे, सगळा तांडा जाणतो. डिसेंबरात उज्ज्वला सारखी कानामागे खाजवताना दिसली. केस बाजूला केले तर मुळाशी पांढऱ्या लिखा. कोंडा फुंकरीने उडतो, या चिकटून बसलेल्या. मान खाजवून खाजवून सोललेली. मी भर वर्गात म्हणाले, "डोकं साफ झाल्याशिवाय शाळेत पाय ठेवायचा नाही." पोरं हसली. तिला शाळेचा भारी लळा. रडतच घरी गेली.

सोनीबाईने दोन दिवस फणी फिरवली. पोरगी म्हणतच राहिली, "अजून हायेत, आजी. म्याडम घेनार नाई." तिसऱ्या दिवशी म्हातारीने आढ्याला खोचलेली फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली काढली. कपाशीवरचा मावा एका फवाऱ्यात मरतो, तिथे उवांची काय बिशाद! औषध तेलात कालवून तिने नातीच्या डोक्याला चोळलं आणि वर फडकं बांधलं. तासाभरात पोरीच्या तोंडाला फेस आला. जीप मिळून वाशिमला पोचेपर्यंत फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला गेली.

मी भेटायला गेले तेव्हा वाटलं, म्हातारी शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या. ती नुसती म्हणाली, "तुमी सांगतलं तसं केलं, म्याडम. एकबी ऊ नाई राह्यली." मला तिथेच रडू फुटलं. तिने चाचपडत माझा हात धरला आणि त्यात लाकडी फणी ठेवली.

"मले दिसत नाई. तुमाले तं दिसते ना? तेल लावून, ओल्या केसात रोज फिरवजा. पन कोनाले घरी धाडू नोका."

आता शाळेच्या ओट्यावर माळ लागते आणि सगळ्यांच्या मागे मी बसते. सोनीबाई समोरच्या दाराशी असते. एखादी पोर खेळता खेळता तिच्या मांडीवर डोकं टेकवते, तेव्हा ती दोन्ही हात पदराखाली लपवते.