चुना आणि क्लिप

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोह्यात, घरच्या फाटकाशी झटत होतो. त्याची कडी मन्मथनंच केलेली, हवी त्यापेक्षा वीतभर लांब. शाळेपासूनचा मित्र माझा. अहमदपुरात वेल्डिंगचं दुकान. गेल्या दहा वर्षांत त्यानं केलेली प्रत्येक कडी अशीच लांब. लोक हसायचे. त्याचं कारण मी आहे, हे आता, दीड महिन्यानं सांगतोय...

दहा वर्षांपूर्वी त्यानं जीपमागं जोडायचं चाकांवरचं पत्र्याचं घर बांधलं. आत दोन बाकडी, शेगडी, महादेवाचा फोटो. वहिनींना त्यातून केदारनाथला न्यायचं, ही एकच हौस. चाचणीला माहूरचा घाट ठरला. जीप मी चालवायची. तो मागं चहा करत बसणार. "चहा सांडला तर स्प्रिंग बदलतो," म्हणाला. घाटाखाली जरा थांबलो. माझ्या डबीतल्या चुन्याचा दगड झाला होता. जीप आणि घर जोडणारी पिन उसळून निघू नये म्हणून तिला खालून तारेची क्लिप असते. मी ती काढली, चुना खरवडला, तंबाखू मळली आणि क्लिप खिशात टाकून निघालो. चौथ्या वळणानंतर जीप अशी पळायला लागली, की मी मनोमन मन्मथच्या कारागिरीला दाद दिली. तेवढ्यात मागून आलेला मोटारसायकलवाला ओरडला, "ओ काका, तुमचं घर मागंच राह्यलं की!"

धावत गेलो. घर मागं घसरून डोंगराला टेकलेलं, दारात मन्मथ, हातात भरलेला ग्लास. "सांडला न्हाई बघ." मग रिकाम्या हूककडं बघून त्याचा चेहरा उतरला. "पिन आखूड केली रे मी. एखादा मेला असता माझ्या हातानं." पिन दरीत गेली होती, क्लिपही तिच्यासंगं गेली असंच तो समजला. क्लिप माझ्या खिशात टोचत होती... आणि मी म्हणालो, "हाव, आखूडच झाली आसंल."

त्यानं ते घर पुन्हा जोडलं नाही. स्वतःच्या मापावरचा भरवसाच उडाला त्याचा. कड्या लांबत गेल्या, केदारनाथ राहिलं, घरात कोंबड्या आल्या.

गेल्या आठवड्यात वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, धा वर्सं कोंबड्यांची घाण काढली मी त्यातली. एवढं तोंडातून निघालं न्हाई तुमच्या?" आणि झाडू माझ्या हातात दिला. "आता तुमी काढा."

झाडता झाडता आतल्या खिळ्याला मन्मथनं केलेली नवी पिन टांगलेली दिसली. हवी त्यापेक्षा वीतभर लांब, गंज नाही. तेलाचा हात अजून ओशट होता. दहा वर्षं चुन्याच्या डबीत ठेवलेली तीच जुनी क्लिप काढली आणि पिनेच्या भोकात घालून बघितली.

बसली. परत काढली नाही.