पुलावर तहानलेला बैल

"ए गाडीवाल्या, सरक की रं बाजूला! पूल काय तुझ्या सासऱ्यानं बांधलाय व्हय?"

मागून प्रवासी मोटारीचा ड्रायव्हर बोंबलत होता. वेदगंगेच्या नव्या पुलाच्या बरोबर मधोमध आमची बैलगाडी अडली होती. गाडीत मामाची वर्षाची सगळी तंबाखू. निपाणीची वखार गाठायची, तर पश्चिमेला वळवाचं आभाळ म्हशीसारखं उठून उभं. तंबाखू भिजली की तिचं खतच.

पूल मात्र देखणा. उंची अशी, की वरून थुंकलं तर थुंकी पाण्यात पडेस्तोवर तंबाखूचा दुसरा बार मळून व्हावा. पूर्वी गाड्या नदीतूनच जायच्या. चाकं बुडायची, तंबाखूची तळची गाठोडी, म्हणजे बोद, दरसाल भिजायचे, आणि बैल मधल्या धारेत थांबून पोटभर पाणी प्यायचे. डावा बैल आज त्याच जागेवर येऊन थांबला होता. मान खाली घालून कोरडा दगड हुंगत होता.

"पाणी प्याल्याबिगर त्यो हालायचा न्हाय," मामा म्हणाला.

"मग खाली जाऊन आण की," ड्रायव्हर ओरडला.

"जाऊन येस्तवर पाऊस गाठंल."

मामानं गाडीखालची बादली सोडली, डोक्याचा पटका कडीला बांधला आणि कठड्यावरून खाली सोडला. पटका संपला, नदी आली नाही. मी माझा कोरा फेटा जोडला. तरी नाही. मग मोटारीतली माणसं उतरली. एकेकाचं मुंडासं सुटायला लागलं. बेळगावचे एक वकील होते. साक्षात लाटसाहेब समोर आला तरी त्यांचं पागोटं हललं नसतं. त्यांनीही ते मुकाट्यानं काढून दिलं. अख्खी मोटार बोडकी झाली. शेवटी ड्रायव्हरनं शिव्या देत देत गळ्यातला मफलर बांधला, तेव्हा कुठं बादली पाण्याला टेकली.

बैल प्याला आणि असा उधळला, की मोटार निपाणीपर्यंत आमची धूळ खात आली. शेवटचा बोद वखारीत गेला आणि आभाळ फुटलं.

वखारवाल्यानं बोदांवरून हात फिरवला. "दरसाल तुमचा तळचा माल वला असतोय, अण्णा. औंदा समदा कोरडा कसा?"

मामा ओला पटका पिळत होता.

"बैलाला पुलावर पाणी पाजलं," तो म्हणाला.