मिलच्या रुळावरची खूण

आमच्या घरात दुपारी कुणी आडवं झालेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. माझ्या माहेरी जेवणं झाली की सगळं घर घोरायचं. इथे पहिल्याच आठवड्यात मला जरा झापड आली, तर आमच्या ह्यांनी चिमटा काढून उठवलं. "बाबांसमोर नको," म्हणाले. सासरे टेकायच्या खुर्चीत बसत नाहीत, स्टुलावर बसतात. चहासुद्धा उभ्यानं पितात. का, तर गाव त्यांना डुलकीकाका म्हणतं.

त्यामागची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. नदीकाठी कागदाची मिल होती, आता तिच्या छपरातून झाडं वर आलीत. सासरे तिथे शेवटच्या रुळांवर कामाला होते. कागद वाळत वाळत यायचा आणि शेवटी लोखंडी रुळांमधून जाऊन गुळगुळीत व्हायचा, कपड्याला इस्त्री करावी तसा. रुळांपाशी उभं राहायचं आणि कागदात गाठ-गोळा दिसला की यंत्र थांबवायचं, एवढंच काम. पण डोळ्यांत तेल घालून करायचं. एकदा त्यांच्या पाळीत रुळाला खड्डा पडला. मग रूळ फिरेल तशी कागदावर दर हातभर अंतरावर तीच खूण उमटत राहिली. वह्यांसाठी गेलेला सगळा माल परत आला. साहेब म्हणाले, हा झोपला होता, गोळा आत गेला. सासऱ्यांना काढलं, आणि वर्षाच्या आत मिलच बंद पडली.

आता मिल बंद पडायला कारणं सतरा होती. मालकाला यंत्रांवर खर्च करायचा नव्हता, सुती चिंध्या मिळेनाशा झाल्या होत्या, बाहेरचा कागद स्वस्त येत होता. पण सतरा कारणं लक्षात कोण ठेवतो? कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं एक सोपं कारण काढलं. "ह्यांनी काढली डुलकी, आणि गेली आपली मिल!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. लोक पोटासाठी परगावी गेले ते सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडत गेले. सासरे पुढे एकदा पहारेकऱ्याची नोकरी मागायला गेले, तर समोरचा पोट धरून हसला. शेवटी बाजारात पोती उचलली त्यांनी.

मला मात्र सांगायचंय ते सासूबाईंबद्दल. त्याही मिलमध्येच होत्या, चिंधी खात्यात. गावोगावचे जुने कपडे यायचे, त्यांची बटणं, हूक, चेन कापून काढायची आणि कापड कागदाच्या लगद्यासाठी पाठवायचं. काढलेली बटणं बायकांनी घरी न्यायची, अशी तिथली रीत. त्यामुळे अख्ख्या गावात कुणाच्या शर्टाची दोन बटणं सारखी नसायची. सासूबाईंचा हात सगळ्यांत जलद. तोंड शेजारणीकडे, गप्पा रंगात, आणि बोटं आपली कापडावरून फिरतायत. डोळ्यांनी कुणी बघतच नसे. म्हणून नियम एकच होता. बोट कापलं तर त्या दिवशी टेबलावर बसायचं नाही. पट्टी बांधलेलं बोट आंधळं असतं, असं त्या म्हणत.

कुणी बाबांना डुलकीकाका म्हटलं की माझं डोकं फिरायचं. चहावाल्याशी तर मी भर रस्त्यात भांडले आहे. सासूबाई माझा हात ओढून म्हणायच्या, "जाऊ दे गं." मला वाटायचं, काय ही गरीब गाय! नवऱ्याला कुणी काही बोलावं आणि हिनं खाली मान घालावी?

परवा भंगारवाला दारात आला. मिलचं सगळं लोखंड त्यानं घेतलंय. "काका, तुमचा रूळ निघाला," म्हणाला. "मागच्या गवतात पडला होता. उद्या जाईल भट्टीत. बघायचा तर या."

सासऱ्यांनी चपला घातल्या. "बघू तरी आपला पराक्रम."

"कशाला?" सासूबाई एकदम म्हणाल्या. "त्यात काय बघायचंय मेलं? ऊन किती आहे!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, उन्हानं. सासरे निघालेच. मग त्याही मागोमाग निघाल्या, आणि म्हातारी माणसं एकटी नकोत म्हणून मी.

मिलच्या आवारात रूळ आडवा पडला होता, गंजून तांबडा झालेला. सासरे त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि तळवा फिरवत गेले. एका जागी थांबले. बोटानं खड्डा चाचपला, पुन्हा चाचपला. "गोळ्यानं असा नाही पडत," ते पुटपुटले. "हा बारीक आहे. वाकडा."

"तो हूक आहे," सासूबाई म्हणाल्या. "पँटचा. माझ्या टेबलावरून गेलेला."

मी बघतच राहिले. त्या रुळाकडे बघून बोलत होत्या, आमच्याकडे नाही. "बोट कापलं होतं माझं. सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं, दिवसाची मजुरी बुडाली असती, म्हणून पट्टी बांधली आणि बसले. कळलाच नाही तो हूक. बिघडलेला कागद मग परत आमच्याच खात्यात आला, फाडायला. पहिला ताव हातात घेतला आणि ओळखलं. जन्म गेला माझा हूक काढण्यात, मला नाही ओळखू येणार? घरी जाऊन सांगणारच होते हो. पण तुम्हाला तोवर काढलं होतं. म्हटलं, एकाची गेली, दुसऱ्याची तरी राहू दे. मग मिलच गेली. मग कोणत्या तोंडानं सांगू?"

सासऱ्यांचं बोट अजून त्या खड्ड्यातच होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मी झोपलो नव्हतो?"

"नाही हो. तो कागदाच्या पोटातून आला. डोळे फाडून बघितलं असतंत तरी दिसला नसता."

"पण मला आठवतंय ना," ते म्हणाले. "हनुवटी छातीला टेकली होती. दचकून जागा झालो होतो. अगं, मला सगळं आठवतंय." त्यांनी रुळावरचा हात काढला. "लोक इतकं म्हणाले, की मला आठवायलाच लागलं."

सासूबाईंनी तोंडावर हात दाबला. ते उठले, गुडघे झटकले. "मला सांगितलंस. आता गावाला कोण सांगणार?" एवढंच बोलले आणि चालू लागले.

खरं सांगते, मला भयंकर राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर तो संन्यासी रोज त्या चोराच्याच हातचं जेवत होता! मी वाटेत सासूबाईंशी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर सासऱ्यांनी चपला काढल्या, ते पाणी प्यायले आणि भर दुपारी खाटेवर आडवे झाले. जरा वेळानं घोरायलाही लागले. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होतो.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग? आता गप्पच बसणार?"

"खातं भरून बायका होतो आम्ही. निम्म्यांचे संसार उठले इथून. ज्या उरल्यात त्या माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत," मी म्हटलं. "बाबांच्या कितीदा घातलं, मोजलंय का कुणी?"

त्यांना ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. त्या खाली बसल्या आणि डाव्या हाताचं एक बोट उजव्या मुठीत धरून बसून राहिल्या.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. चहावालाच तो, आणि त्याच्यामागे मिलची दोन-तीन जुनी माणसं. भंगारवाल्यानं सांगितलं असणार. "काय डुलकीकाका, रूळ बघून आलात म्हणे! आहात का जागे?" सगळे हसले.

मी दाराकडे झेपावले, पण सासूबाईंनी मला हातानं अडवलं. माझ्या आधी त्या उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"झोपलेत ते," त्या म्हणाल्या. "आणि आजपासून त्यांना त्या नावानं हाक मारायची नाही. तेव्हा जागेच होते ते. रूळ मी बिघडवला. माझ्या टेबलावरून हूक गेला, आणि मी तोंड शिवून बसले."

चहावाला म्हणाला, "काय?" मागून एक बाई पुढे आली, सासूबाईंच्याच टेबलावरची. "तू?" ती म्हणाली. "माझा पोरगा परगावी हमाली करतोय, आणि तू?" मग सगळे एकदम बोलायला लागले. सासूबाई पायरी उतरून त्यांच्यात गेल्या. मान खाली होती, पण मागे सरकल्या नाहीत.

आतून सासऱ्यांनी कूस बदलली. मी खिडकी लावून घेतली, त्यांची झोप मोडू नये म्हणून, आणि अनवाणीच बाहेर जाऊन सासूबाईंच्या शेजारी उभी राहिले.