पंचमीचा मुराळी

मेंढरांना माणसांसारखे आणि माणसांना मेंढरांसारखे वागवणारा, आणि तरीही दोघांचाही लाडका असणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच. ते म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो. अंथुर्ण्याला त्यांची मेंढरे विकून जमाना झाला, मेंढरे कोंडायची जाळीची वाघर लागायची तिथे आता ऊस उभा आहे. पण मोजायची सवय काही गेली नाही. संध्याकाळी मेंढरे वाघरेत शिरताना एकेकीच्या पाठीवर काठी टेकवून मोजायचे, तसे ते दिसेल ते मोजत. लग्नात जेवणाची पंगत मोजत. एसटीत चढणारी माणसे मोजत. माझ्या लग्नात वऱ्हाड मांडवात शिरताना दारात काठी घेऊन उभे राहिले आणि आमच्या बारामतीच्या एका साहेबांच्या खांद्यावर काठी टेकवून म्हणाले, "एकशेबारा. व्हा म्होरं." साहेब निमूट पुढे झाले, आणि वर आपण होऊन हातही जोडले.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. त्यामुळे धरणाचा फुगवटा मी स्वतः भरला आहे अशी मामांची खात्री होती. काठावर उभे राहिलो की ते पाण्याकडे बघत म्हणायचे, "पाव्हणं, तुमच्या खात्यानं पाणी आडवलं ते आडवलं. आता वाऱ्याचंबी बघा कायतरी." हे बोलणे थट्टेचे असले तरी त्यात दुःख होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, पल्याडच्या गावात दिलेली. लग्न झाले तेव्हा मध्ये नुसती भीमा होती, उन्हाळ्यात घोटाभर पाण्यातून चालत जाता यायचे. मग धरण झाले आणि बहिणीचे घर समुद्रापलीकडे गेल्यासारखे झाले. रस्त्याने वळसा घालून आणायचे तर आक्कांना गाडी लागायची, फाट्यापर्यंतसुद्धा निभत नसे. राहिली लाँच.

नागपंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. हा मान साधारण पोरसवदा भावाचा. आमचा मुराळी सत्तरी ओलांडलेला आणि त्याची बहीण ऐंशीला टेकलेली. पण श्रावण लागला की मामा नवा पटका बांधून तयार. आता श्रावणात फुगवट्यावर जो वारा सुटतो तो काही विचारू नका. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी लाँचला पाळण्यासारखे हलवते, आणि मामांना तर पोहायला येत नव्हते. तरुणपणी नदी उतरताना कळपातली पुढची मेंढी बुजली, सगळा कळप एका अंगाला रेटला गेला आणि निम्मी मेंढरे डोळ्यांदेखत वाहून गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितले. पुन्हा विचारले तर तंबाखू मळत बसले.

म्हणून पुढे लाँच आली तेव्हा त्यांनी कायदा केला. लाँचवर वीस माणसे. ते फळीपाशी काठी घेऊन उभे राहत आणि चढणाऱ्याला टेकवत मोजत. मोटारसायकल म्हणजे दोन माणसे, दुधाचे कॅन अडकवलेली मोटारसायकल म्हणजे तीन. पोटुशी बाई दीड. एकविसावा माणूस आला की उतरायला सांगत. कुणी उतरत नसे, मग ते स्वतः उतरत आणि पुढच्या लाँचची वाट बघत बसत. अशा किती लाँच त्यांनी सोडल्या असतील देव जाणे. आक्कांना ते बसायच्या आधी नऊवारीवरून लाँचवरचे तरंगायचे जाकीट घालायला लावत. आक्कांना ते इतके आवडले की एकदा त्या जाकीट घालूनच अंथुर्ण्याला आल्या आणि गल्लीभर मिरवल्या. लाँचवाल्याला ते न्यायला घरी यावे लागले.

त्या वर्षी मीही बरोबर होतो. आदल्या दिवशी पल्याड जाऊन आक्कांकडे मुक्काम केला, आणि पंचमीच्या सकाळी त्यांना घेऊन परत निघालो. लाँच भरलेली. मामांची काठी पंचविसावर थांबली, त्यात आम्ही तिघे. लाँचवाला म्हणाला, "चालतंय तात्या, रोजचंच हाय."

"रोजचंच आसतंय," मामा म्हणाले. "बुडायचा दिस मातुर एकच आसतोय." आणि आक्कांचा हात धरून त्यांना खाली उतरवले.

आक्का चिडल्या. "आरं बापू, सण निघून जाईल. तितं पोरी झोका बांधून बसल्यात."

मी उतरलो नाही. दुपारी कचेरीत हजर व्हायचे आहे असे म्हणालो, पण खरे कारण वेगळे होते. सगळे हसत होते आणि मला मामांची लाज वाटली.

निम्म्या वाटेत वारा फिरला. एक लाट आडवी आली आणि वाऱ्याच्या अंगाची माणसे नखशिखान्त भिजली. ती उठली आणि दुसऱ्या बाजूला धावली. लाँच कलली. एक मोटारसायकल सरकत काठाला आदळली. त्या क्षणी मला खरोखर समोर मेंढरे दिसली. माझ्या तोंडून मामांची ती कळप थोपवायची "हुर्रर्रर्र" अशी आरोळी कशी निघाली ते मला आजही कळत नाही. कारकुनाच्या गळ्यातून आलेला तो आवाज ऐकून माणसे बुडायचेच विसरली आणि माझ्याकडे बघत राहिली. "खाली बसा," मी म्हणालो, "निम्मी हिकडं, निम्मी तिकडं." बसली. लाँचवाल्याने हळूहळू तोंड फिरवले आणि आम्ही निघालो तिथेच परत आलो.

घोट्याच्या वर पाण्यात पाय न घालणारे मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. उतरणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी काठी टेकवून मोजले. शेवटी मी. मला काठी लावली नाही, खांद्यावर हात ठेवला. "तेवीस," ते म्हणाले. "भरली." हात बराच वेळ तिथेच राहिला.

वारा दोन दिवस पडला नाही. पंचमी पल्याडच झाली. मुराळीच मुक्कामाला राहिला म्हणून आक्कांनी आम्हाला पुरणाची दिंडं खाऊ घालता घालता मनसोक्त बोलून घेतले. निघताना मात्र म्हणाल्या, "जाऊ दे. फुडच्या साली ने."

पुढच्या साली पंचमीच्या आधीच आक्का गेल्या. मामांनी त्या दिवशी केले ते बरोबरच होते, आम्ही सगळ्यांनी त्यांना तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पाव्हणं, वारा पडल्यावर, सण सरला तरीबी न्हेली आसती तर?"

आता फुगवट्यात पुलाचे खांब उभे राहत आहेत. परवा पंचमीच्या आदल्या दिवशी मामा मला घेऊन काठावर गेले. नवा पटका बांधलेला. फळीपाशी उभे राहून माणसे मोजली. लाँचवाला म्हणाला, "एकोणीसच झाली तात्या. चढा की."

मामांनी मान हलवली आणि बाजूला झाले. लाँच खांबांपर्यंत पोचली तरी ते बघत होते. मग मला म्हणाले, "आज एकाची जागा हुती बगा."