सीलबंद पेट्यांतील विटा

नव्या बांधकामाशेजारी विटांचा ढीग दिसला की माझे पाऊल अजूनही थबकते. एखादी वीट उचलून मी तिच्या कडा पाहतो, अंगठ्याने तिच्या सर्व बाजू चाचपतो आणि परत ठेवतो. सोबतच्या माणसाला ते चमत्कारिक वाटते. ही सवय मला ज्या प्रकरणाने लावली, ते येथे लिहून ठेवतो. संबंधित माणसे आपापल्या कामात आहेत. म्हणून कोणाही माणसाचे, गावाचे किंवा संस्थेचे नाव दिलेले नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील जंगलपट्ट्यात, तेलंगणाच्या सीमेजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी ठाणेदार होतो. हद्दीत शासनाची एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था होती. लोक तिला आयटीआयच म्हणत. कोलाम पोडांवरची, म्हणजे आदिवासी वस्त्यांवरची, आणि आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली तेथे कारागिरी शिकत. एका सकाळी हजेरी संपत असतानाच संस्थेचे प्राचार्य ठाण्यात आले. ते नुकतेच बदलून आले होते. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी सांगितले की, संस्थेच्या भांडारातून वेल्डिंगची तीन यंत्रे चोरीस गेली आहेत.

हकिकत अशी होती. वर्षभरापूर्वी शासनाने संस्थेला वेल्डिंगचा नवा अभ्यासक्रम मंजूर केला. प्रवेश झाले, यंत्रेही आली. मात्र पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्यावरच पेट्या उघडायच्या, असे ठरल्यामुळे त्या भांडारात कुलूपबंद राहिल्या. उद्घाटनाची वेळ आली. पेटी बाहेर काढताना तिची खालची फळी निसटली आणि आतून विटा कोसळल्या.

"प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली आहे," प्राचार्य म्हणाले. "यंत्रे नसतील तर परीक्षा होणार नाही आणि या मुलांचे वर्ष जाईल."

"पेट्या वर्षभर बंद होत्या," मी विचारले, "मग मुले आजवर शिकली कशावर?"

प्राचार्यांनी थोडा विचार केला. "सिद्धांताचा भाग पूर्ण झालेला आहे," ते म्हणाले.

अज्ञात आरोपीविरुद्ध गुन्हा नोंदवून मी जमादार आणि दोन पंचांसह घटनास्थळी गेलो. भांडाराचे कुलूप शाबूत होते. त्याची किल्ली कार्यालयात सर्वांच्या देखत खिळ्याला टांगलेली असे. पेट्यांच्या झाकणांवरचे सील अखंड होते. पेट्या उलट्या करून तळाच्या फळ्या काढल्या होत्या आणि नंतर त्याच भोकांत खिळे ठोकले होते. म्हणूनच वजन पेलताना फळीने दगा दिला. उरलेल्या दोन पेट्या पंचांसमक्ष उघडल्या, तेव्हा आत विटाच निघाल्या. पण त्या कोंबलेल्या नव्हत्या. एका थरातील दोन विटांचा सांधा दुसऱ्या थरातील विटेच्या बरोबर मध्यावर येत होता, चांगल्या भिंतीत असतो तसा.

जमादार माझ्याहून वयाने मोठे आणि बोलण्यात मोकळे. ते वाकून पाहत म्हणाले, "साहेब, चोर होता का घर बांधाले आलता?"

पुढचे काही दिवस नेहमीच्या वाटा तपासण्यात गेले. भंगारवाले, आदिलाबादकडे जाणाऱ्या मालवाहू गाड्या, पूर्वी अशा गुन्ह्यांत सापडलेली माणसे. हाती काही लागले नाही. प्राचार्य रोज दूरध्वनी करीत आणि परीक्षेची आठवण देत.

मग एका दुपारी खबर चालत ठाण्यात आली. ती घेऊन येणारा आमचा खबऱ्या नव्हता. तालुक्याच्या रस्त्यावर वेल्डिंगचे दुकान चालवणारा एक इसम तक्रार घेऊन आला होता.

"साहेब, माह्या धंद्यावर कोणीतरी पाणी फिरवून राह्यलं."

"कोण?"

"तेच तं मालूम नाही!" त्याने जंगलाकडील एका गावाचे नाव घेतले. "त्या गावचा एक डवरा माह्या दुकानात येऊन नाही राह्यला. बैलगाडीचा आख नाही, खाटेचा पाय नाही. त्या गावात लोखंड मोडनंच बंद झालं काय?"

"बरं झालं की," जमादार म्हणाले. "गरीब लोकायचं भलं झालं."

"तुमचं काय जाते जमादार? तुमचा पगार थोडीच बंद होते!"

त्याने पिशवीतून एका डवऱ्याची पास काढून माझ्या टेबलावर ठेवली. डवरा हे कोळपणीचे अवजार; पास म्हणजे त्याची माती कापणारी पट्टी. त्या गावातल्या पाहुण्याकडून त्याने ती मुद्दाम मागून आणली होती. जोडावर बोट ठेवून तो म्हणाला, "हे पाहा. कोंबडीनं उकरल्यासारखा टाका मारला. पण निघत नाही, ठोकून पाह्यलो मी. मशीन भारी हाय साहेब, हात कच्चा हाय. अन् फुकट करून देतेत! फुकट कायले करतेत, सांगा बरं."

फुकट हा शब्द मला महत्त्वाचा वाटला. चोरीचा माल लपवणारा माणूस गावभर त्याचे काम वाटत फिरत नाही. शिकणाऱ्याला मात्र मोडके लोखंड हवेच असते.

त्या गावातून वेल्डिंग शिकायला कोण येते, हे विचारण्यासाठी मी संस्थेत गेलो. कार्यालयाकडे जाताना गवंडीकामाची शेड लागली. मुलांनी छातीएवढी भिंत उभारली होती. निदेशकाने, म्हणजे त्यांच्या शिक्षकाने, ओळंबा लावून ती तपासली, मान हलवली, आणि मुलांनी ती लगेच पाडायला घेतली. मी थांबून पाहू लागलो. विटा मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या होत्या. मुले एकेक वीट थापीने खरवडून पुन्हा रचायला ठेवत होती. त्याच विटांची दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंत व्हायची. मी एक वीट उचलली. तिच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि सर्व अंगांना वाळलेल्या मातीचा पातळ थर होता. पेट्यांतल्या विटाही अशाच होत्या. पुष्कळदा भिंतीत बसलेल्या, पण कोणत्याही घराला न लागलेल्या. शेडमधली भिंत छातीच्या वर का जात नाही, तेही मला कळले. विटा कमी पडत होत्या.

गवंडीकामाचा निदेशक जिल्ह्याच्या उत्तरेकडचा, तिशीतला, तासिका तत्त्वावर नेमलेला माणूस होता. त्याला ठाण्यात बोलावले. पहिला प्रश्न गुन्ह्याबद्दल विचारायचा नाही, असा चौकशीचा माझा नियम होता. माणूस आपल्या कामाबद्दल बोलू लागला की बाकीचे आपोआप जवळ येते. मी जप्त केलेली एक वीट टेबलावर ठेवली.

"मास्तर, ही वीट कितीदा भिंतीत बसली असेल?"

त्याने ती हातात घेतली, अंगठा फिरवला आणि टेबलाच्या कडेशी बरोबर समांतर ठेवली. "विटा तं साऱ्या सारख्याच रायतेत साहेब."

मी पेटीच्या आतील छायाचित्र त्याच्यासमोर सरकवले. जमादारांना राहवले नाही. "मास्तर, चोरी करताना बी सांधे पाहून लावल्या व्हय?"

त्याने छायाचित्र जवळ ओढून पाहिले. मग किंचित हसला. "हात तसाच जाते, जमादार."

"यंत्रे कुठे आहेत?" मी विचारले.

"चालू हायेत साहेब."

त्याचे उत्तर मी तसेच टिपून घेतले. मी ठिकाण विचारले होते. त्याने यंत्रे चालू असल्याचे सांगितले.

पुढचे त्याने न विचारता सांगितले. वेल्डिंगच्या निदेशकाचे पद भरलेच गेले नव्हते. त्याने स्वतः पूर्वी तो अभ्यासक्रम केला होता, म्हणून तास त्याच्याकडे आले. "वर्षभर पोट्ट्यायनं फळ्यावर वेल्डिंग केली साहेब. खडूले इलेक्ट्रोड म्हणायचं, अन् रेघ ओढायची. हात स्थिर ठेव, अंतर सांभाळ, असं मी खडू धरणाऱ्याले सांगो. मलेच लाज वाटे." संस्थेत तीन फेजची वीज नव्हती; तिचा प्रस्ताव प्रलंबित होता. वेल्डिंगच्या वर्गातील एकुलत्या एका मुलीच्या मामाची जंगलाकडील त्याच गावात पिठाची चक्की होती आणि चक्कीला तीन फेजची लाईन होती. आधीच्या प्राचार्यांकडे त्याने दोनदा परवानगी मागितली. उद्घाटन होऊ द्या, असे उत्तर मिळाले. शेवटी परीक्षा जवळ आली, तेव्हा त्याने यंत्रे काढून चक्कीत नेली आणि पेट्यांत विटा भरल्या.

"आणि विटा शेडच्याच का घेतल्या?" मी विचारले. "त्या नसत्या तर तुमच्यापर्यंत कोणी पोहोचले नसते."

त्याला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "दुसऱ्याच्या घेतल्या असत्या तं ती चोरी झाली असती ना साहेब."

आम्ही लगेच गावाकडे निघालो. चक्कीच्या मागच्या पत्र्याखाली तिन्ही यंत्रे होती. पेट्यांतूनच निघालेल्या काळ्या काचा डोळ्यांपुढे धरून मुले एका मुलीभोवती उभी होती. ती खाली बसून जोड देत होती. आमची गाडी थांबली, बूट वाजले, मुले मागे सरली. ती मात्र उठली नाही. काचेआडूनच ओरडली, "साहेब, तिकडं तोंड करा! पाहू नका, डोळे जातीन! टाका अर्धा सोडला तं वाया जाते, जरा दम धरा!"

छापा घालण्यासाठी आलेले आमचे पथक, पंचांसह, चक्कीच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आमच्या सावल्या निळसर उजेडात हलत होत्या. मग उजेड विझला, हातोडीचे बारीक ठोके ऐकू आले आणि ती म्हणाली, "हं, झालं. आता पाहा."

जप्ती पंचनामा सुरू झाला. जमादारांनी यंत्रे गाडीत चढवण्यास सांगितले.

"कुठं नेता?" मुलीने विचारले.

"मुद्देमालाच्या खोलीत. केस संपेपर्यंत."

"कुलपात?"

"मंग काय वसरीत ठेवू?"

"मंग फरक काय पडला?" ती म्हणाली. "तठी बी कुलूप, अठी बी कुलूप. आमची परीक्षा काय कुलपावर होणार हाय काय?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिले. मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षे गंजत पडलेल्या सायकली मला दिसत होत्या. जप्ती टाळता येत नव्हती. ती मी केली. मात्र त्याच दिवशी अहवाल तयार केला आणि यंत्रे सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत मागणारा अर्ज न्यायालयात करण्यास प्राचार्यांना सुचवले.

सुनावणीच्या दिवशी प्राचार्य फिकट चेहऱ्याने आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वरून निरोप आहे. यंत्रे ताब्यात घ्या आणि सीलबंद ठेवा; बाकीचे नंतर पाहू." तो निर्णय माझा नव्हता.

न्यायाधीशांनी अर्ज वाचून विचारले, "यंत्रे परत मिळाल्यावर कोठे ठेवणार?"

प्राचार्यांनी रुमालाने कपाळ टिपले. क्षणभर ते भांडाराचेच नाव घेतील, असे मला वाटले.

"चक्कीत, सर."

न्यायालयात हशा पिकला. तो थांबेपर्यंत ते उभे राहिले आणि मग सावकाश म्हणाले, "आमच्या संस्थेत तीन फेजची वीज नाही. त्या चक्कीत आहे. परीक्षा होईपर्यंत मुलांनी तेथेच सराव करावा, अशी माझी विनंती आहे. त्याची जबाबदारी मी घेतो आणि तसे लेखी देतो."

अर्ज मंजूर झाला. यंत्रे ज्या गाडीतून आली, त्याच गाडीतून चक्कीत परत गेली. प्रात्यक्षिक परीक्षा झाली. मुले उत्तीर्ण झाली.

चोरी ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो. तो येथे दिसत नव्हता. सरकारी वकिलांचा अभिप्राय घेऊन मी 'क' वर्गाचा अंतिम अहवाल सादर केला. गैरसमजातून नोंदला गेलेला गुन्हा अशा अहवालाने संपतो. न्यायालयाने तो स्वीकारला. काही महिन्यांनी एका कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीसाठी त्या मुलीच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याकडे आला. गुन्हेविषयक रकाना भरताना जमादारांनी विचारले, "काय लिहू साहेब?" मी म्हणालो, "निरंक." त्यांनी ते नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिले.

प्राचार्यांकडून खुलासा मागवला गेला. पुढे त्यांची बदली झाली. गवंडीकामाच्या निदेशकाची नेमणूक पुढील सत्रासाठी वाढवली गेली नाही. त्याचे कारण कोणी दिले नाही आणि ते विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

या प्रकरणाने मला एवढेच शिकवले. वस्तू जागेवरून हलली की फिर्याद होते, पंचनामा होतो, पथके निघतात. तीच वस्तू जागेवर पडून राहिली, तर ठाण्यात कोणी येत नाही. शासनाने यंत्रे दिली होती, हे खरे आहे. ती वर्षभर मुलांच्या हाती पडली नाहीत, हेही तितकेच खरे आहे. पण त्या वर्षाची नोंद करण्यासाठी माझ्याकडे कलम नव्हते.

अहवाल स्वीकारल्यानंतर जप्त विटाही परत करण्याचा आदेश झाला. मी त्या स्वतः घेऊन गेलो. गवंडीकामाची शेड बंद होती. निदेशकाचे पद रिक्त असल्याचे नव्या लिपिकाने सांगितले. ओट्यावर एक अर्धी भिंत पाडायची राहून गेली होती आणि तिच्यातला गारा वाळून घट्ट झाला होता.

"विटा कुठे ठेवू?" मी विचारले.

लिपिकाने खिळ्यावरची किल्ली काढली आणि भांडाराचे कुलूप उघडले.