आटवलेला आकडा

पडदेवाल्या काकू खिडकी तीन ठिकाणी मोजतात. वर, मध्ये आणि खाली. कुठल्याच घराची भिंत सरळ नसते, फक्त घरमालकाला ती सरळ वाटते, असं त्यांचं म्हणणं. उंचीही तीनदा घेतात. मग पेन्सिल कानावर खोचून थोडा वेळ खिडकीकडे नुसत्या बघत उभ्या राहतात. काय बघता, म्हणून मी एकदा विचारलं.

"ऊन कुठवर येतं ते," त्या म्हणाल्या. "उन्हाच्या बाजूचा पडदा लवकर मरतो."

माप झालं तरी कापडाला त्या लगेच कात्री लावत नाहीत. आधी ते पाण्यातून काढतात. त्यांच्या मागच्या दारी एक मोठा टब आहे. त्यात तागेच्या तागे भिजतात, मग तारेवर वाळतात, आणि आटायचं तेवढं आटून झाल्यावरच कापायच्या टेबलावर येतात. इतर पडदेवाले इतका खटाटोप करत नाहीत. त्यांचे पडदे पहिल्या धुण्यानंतर वाढत्या पोराच्या पँटीसारखे वर चढतात. काकूंचा पडदा चार वर्षांनीही जमिनीपासून दोन बोटंच वर असतो. माझ्या खोलीत आहे, म्हणून सांगतो.

"कोरडं कापड बढाया मारतं," त्या म्हणतात. "भिजलं की खरं बोलतं."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या दोन खोल्या त्यांच्या. पुढच्या खोलीत खिडकीशी एक जड मशीन, भिंतीला टेकून एक जुनं पायाचं मशीन, मध्ये टेबल. मागची खोली राहायची. काका जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे काकूंची नणंद, तेव्हापासून इथेच आहे. ती पायाच्या मशीनवर बसते आणि दिवसभर बोलते. काकू जड मशीनवर बसतात आणि दिवसभर ऐकतात. हे जड मशीन कर्जावर घेतलेलं. छत्तीस हप्ते, ही गोष्ट घडली तेव्हा त्यातले एकोणीस भरून झालेले. त्याच्या आवाजाने माझी जमीन बारीक थरथरते. पहिल्या महिन्यात मला त्याचा राग यायचा. आता ते बंद असलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी मुलींच्या एका वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. ब्याण्णव खिडक्या. एवढं काम काकूंना आयुष्यात कधी एकत्र मिळालं नव्हतं. त्यासाठी दुसरं जड मशीन हवं, असा हिशेब करून त्यांनी बँकेत अर्ज केला. अर्ज जेवणाच्या ताटांशेजारीच भरला गेला. नणंदेने वाकून बघितलं.

"वहिनी, महिन्याचं उत्पन्न एवढंच लिहिलंस?"

"एवढंच धर."

"आणि खर्च एवढा? आपण काय हत्ती पाळलाय?"

"धर म्हटलं ना."

बाराव्या दिवशी उत्तर आलं. चार ओळींचं. अर्ज मंजूर करता येत नाही, कळावे. काकूंनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि सुयांच्या डब्यात ठेवलं. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. नवं मशीन नाही तर नाही, इतकंच म्हणाल्या. पण संध्याकाळी चहा गार झाला तरी कप हातातच होता.

"नव्याला नाही म्हणाले," त्या म्हणाल्या, "म्हणजे जुनंही त्यांच्या डोळ्यात खुपायला लागलं असणार."

"शेजारणीने आज साखर नाही म्हटलं, तर ती काय कालची वाटी परत मागायला येते?" नणंद म्हणाली.

"येते. तुझा शेजारणींशी संबंध कुठे आलाय? तू फक्त त्यांच्याशी बोलतेस."

हा विनोद त्या दिवसांतला शेवटचा. त्यानंतर काकूंच्या मनात जे सुरू झालं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला फक्त मशीन दिसलं. रविवारी दुपारी नणंदेने जिन्यातून हाक मारली, जरा हात लावायला या. खाली गेलो तर जड मशीन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत न्यायचं होतं. का, ते कोणी सांगितलं नाही. पुढे ऊन फार लागतं, असं काकू म्हणाल्या. माझ्याबरोबर कोपऱ्यावरचा सायकलवाला होता. आम्ही चौघांनी ते ढकललं, उचललं, दाराच्या चौकटीवर बोटं सोलून घेतली आणि पलंग आणि कपाट यांच्या फटीत नेऊन बसवलं. तिथे दिवसासुद्धा दिवा लावावा लागे. वर शिवण नसलं की काकू त्याच्यावर चादर टाकत. पुढच्या खोलीत जमिनीवर मशीनच्या पायांचे चार गोल डाग तेवढे राहिले.

रस्त्यावर टेम्पो थांबला की त्या शिवता शिवता थांबत. टेम्पो गेला की पुन्हा सुरू करत. कोणीतरी येईल, कागद दाखवील, मशीन उचलून नेईल. रस्त्यावरून दिसलं नाही तर कदाचित नेणार नाही. खिडक्यांचं माप इतकं अचूक घेणाऱ्या बाईला असं वाटावं, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी हसलो असतो. आता हसू येत नाही. भीती खिडकीसारखी नसते, तिला तीन ठिकाणी मोजता येत नाही.

मग त्यांनी ठरवलं की कोणाचंही काही अंगावर ठेवायचं नाही. बँकेचे पुढचे दोन हप्ते आधीच भरले. त्यासाठी अंगठी मोडली. नणंदेला म्हणाल्या, बोटाला घट्ट होत होती. आणि तिसऱ्या दिवशी कापडवाल्याकडे गेल्या.

कापडवाला चौदा वर्षांपासून त्यांना उधारीवर माल देतो. महिनाभर माल न्यायचा, महिनाअखेरीला पैसे द्यायचे. त्यात काही लिखापढी नाही. काकू एकोणीस तारखेलाच गेल्या आणि सगळी रक्कम गल्ल्यावर ठेवली. कापडवाल्याने पैशांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"ताई, काही चुकलं का आमचं?"

"छे. होते हातात, म्हणून आणले."

"चौदा वर्षांत कधी नव्हते ते आज हातात आले?"

"असं का बोलता?"

त्याने पैसे मोजले, पावती दिली, चहा मागवला नाही. त्या धंद्यात तारखेआधी हिशेब चुकता करणारा माणूस ते दोन कारणांनी करतो. एकतर तो दुसऱ्या दुकानाशी जुळवून आलेला असतो, नाहीतर धंदा गुंडाळत असतो. काकूंना हे माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही. वसतिगृहाच्या कापडाचं विचारलं तेव्हा कापडवाला कात्रीने मोकळी हवा कापत म्हणाला, "तो माल मोठा आहे ताई. या वेळी आधी पैसे भरा, मग तागे न्या."

ज्या उधारीला कोणी हात लावला नव्हता, ती काकूंनी स्वतःच आपल्या हाताने तोडून आणली होती. घरी आल्यावर त्या मागच्या खोलीत चादरीशेजारी बसून राहिल्या.

"आता?" नणंदेने विचारलं.

"आता जाऊन विचारते."

"कुणाला?"

"ज्याची भीती वाटते त्याला."

मला या बाईंचं कौतुक वाटतं ते इथून पुढचं. पुष्कळ माणसं भीतीच्या भोवती आयुष्यभर फिरतात, तिच्याशी ओळख मात्र करून घेत नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सुयांच्या डब्यातलं पत्र घेतलं, स्वच्छ साडी नेसली आणि बँकेत जाऊन खुर्चीत बसल्या. समोर एक तरुण बाई होती. काकूंनी नमस्कार केला आणि आडवळण न घेता विचारलं, "मॅडम, माझं मशीन कधी नेणार?"

"कुठलं मशीन?"

"जुनं. नव्याला नाही म्हटलंत ना."

त्या मुलीने आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. "काकू, ते कर्ज वेगळं, हा अर्ज वेगळा. जुन्याचे एकोणीस हप्ते आहेत, सगळे तारखेच्या आधी. वर दोन आगाऊ भरलेत. तुमचं मशीन कोण कशाला नेईल? हप्ते भरत राहा, एवढंच."

"मग नव्याला नाही का म्हणालात?"

तिने अर्ज काढला. उत्पन्नाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंत?"

"मीच."

"यात तुमचा आताचा हप्तासुद्धा जेमतेम बसतो. खरंच एवढंच मिळतं?"

"मिळतं जास्त. पण मी आटवून लिहिलं."

"म्हणजे?"

काकूंनी सांगितलं. वर्षात दोन महिने असे असतात की कोणी घर बदलत नाही, कोणी भिंतींना रंग देत नाही, पडद्यांची कोणाला आठवणच होत नाही. त्या दोन महिन्यांचं उत्पन्न घेतलं. त्यातून दहावा हिस्सा वजा केला, कारण कापड काय आणि कमाई काय, आटतेच. खर्चाला मात्र मशीनची मोटर जळाली तो महिना घेतला. उद्या काहीही झालं तरी माप चुकू नये.

ती मुलगी खर्चाच्या आकड्याकडे वळली. मग ओठ दाबून हसली.

"काकू, आम्हीपण आटवतो. लोक फुगवूनच लिहितात, म्हणून आलेला आकडा आम्ही आधी कमी करून बघतो. तुम्ही आटवलेलं आम्ही पुन्हा आटवलं. मग उरणार काय?"

"दोनदा भिजवलं तर कापडाचा जीव जातो," काकू म्हणाल्या.

"तेच झालं. थोड्या महिन्यांनी पुन्हा या. बारा महिन्यांचं आणा, जसं आहे तसं. आटवायचं काम आमच्याकडे राहू द्या."

काकू उठल्या नाहीत. "जुनं चालू राहील, हे लिहून द्याल का?"

"लिहून कशाला? आहेच ते."

"तुम्हाला दिसतंय. मला घरी गेल्यावर दिसणार नाही."

मुलीने खात्याचा उतारा छापून दिला, खाली शिक्का मारला.

तो कागद कापडवाल्यापुढे ठेवला असता तरी काम झालं असतं. काकू थेट बँकेतून त्याच्याकडेच गेल्या, पण कागद पिशवीतच राहू दिला.

"काल मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "हातात होते म्हणून नाही आणले. नव्या मशीनला बँकेने नाही म्हटलं. वाटलं, आता जुनंही जाणार, तुम्हीही हात आखडणार. म्हणून सगळ्यांचं आधीच फेडत सुटले. अंगठी मोडून."

कापडवाला तागा गुंडाळत होता. टोक खोचून त्याने तो बाजूला ठेवला.

"बँकेने नाही म्हटलेलं माणूस सगळ्यांत आधी आमच्यापासून लपवतो, ताई."

"मीही लपवलंच. चार दिवस."

"चार दिवस चालतात." त्याने आत बघून चहा सांगितला. "मला वाटलं, तुम्ही नाक्यावरच्या त्या नव्या दुकानात गेलात. काल रात्री घरी जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणते, कुणाशी भांडून आलात?"

"त्या दुकानात? त्याचं कापड पाणी बघूनच आटतं."

तागे दुसऱ्या दिवशी आले. महिनाअखेरीच्या बोलीवर.

एका जड मशीनवर ब्याण्णव खिडक्या ठरलेल्या वेळेत होणार नव्हत्या. काकूंनी वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंना जाऊन तेही सरळ सांगितलं. ज्या बाजूला ऊन येतं त्या सत्तेचाळीस खिडक्या आधी देते, सावलीच्या पंचेचाळीस महिन्याने. अधीक्षक बाई म्हणाल्या, या बाजूच्या मुली उन्हामुळे पलंग भिंतीकडे ओढतात हे तुम्हाला कसं कळलं? काकूंना ते कळलं नव्हतं. त्यांनी फक्त माप घेताना ऊन बघितलं होतं.

रविवारी जिन्यातून पुन्हा हाक आली. मी खाली गेलो. सायकलवाला आधीच येऊन उभा होता.

"पुन्हा ऊन का?" मी विचारलं.

"पुन्हा अक्कल," नणंद म्हणाली. "वहिनीची हरवली होती, सापडली."

"वन्सं, बोलणं पुरे, उचला," काकू म्हणाल्या.

चादर निघाली. मशीन दाराच्या चौकटीला त्याच जागी अडलं, माझं तेच बोट पुन्हा सोललं. पुढच्या खोलीत आम्ही ते खिडकीशी टेकवलं आणि श्वास घ्यायला थांबलो. काकूंनी गळ्यातली टेप काढली. भिंतीपासून मशीनपर्यंत वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं. मग गुडघ्यांवर बसून मशीनच्या पायांकडे बघितलं. एक पाय जुन्या डागाच्या जरा बाहेर होता.

"दोन बोटं इकडे घ्या," त्या म्हणाल्या.

आम्ही दोन बोटं सरकवलं. रस्त्यावर एक टेम्पो येऊन थांबला. काकूंनी वळून बघितलं नाही. सुईत दोरा ओवला, पाय टेकला, आणि मी जिना चढून वर पोहोचलो तेव्हा माझ्या खोलीची जमीन थरथरू लागली होती.